थकबाकी आठशेची, लिलाव घराचा

टेक्सासमध्ये एखाद्याने हॉस्पिटलचं दोन लाख डॉलरचं बिल थकवलं, तर हॉस्पिटल कोर्टात जाऊन त्याच्याविरुद्ध निकाल मिळवू शकतं, पण त्याचं राहतं घर विकायला काढू शकत नाही. क्रेडिट कार्डाची बँकही ते करू शकत नाही. राहत्या घराला धनकोंपासून वाचवणारा कायदा टेक्सासने १८३९ सालीच केला. तेव्हा ते अमेरिकेचं राज्यही नव्हतं, स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. १८३७ च्या मंदीत होरपळलेली कुटुंबं कर्जापायी उघड्यावर येऊ नयेत, हा त्यामागचा विचार. पुढे हे संरक्षण थेट राज्यघटनेत गेलं. घर घेताना काढलेलं कर्ज, घरपट्टी, अशा मोजक्याच देण्यांसाठी तिथे राहत्या घराला हात लावता येतो.

१९८७ साली कोर्टाच्या एका निकालाने या मोजक्या देण्यांत आणखी एकाची भर पडली, ती होमओनर्स असोसिएशनच्या मेंटेनन्सची. दोन लाख येणं असलेल्या हॉस्पिटलला जे करता येत नाही, ते आठशे डॉलर येणं असलेल्या असोसिएशनला करता येतं. मला हा उघड अन्याय वाटतो. असोसिएशनने पैसे सोडून द्यावेत असं मी म्हणत नाही. पैसे वसूल झालेच पाहिजेत. पण वसुलीचं हत्यार म्हणून घराचाच लिलाव हाताशी ठेवला, की थकबाकी फेडली जाण्यापेक्षा ती वाढण्यातच काहींचा फायदा होऊ लागतो, आणि मग सगळ्यात दुबळा माणूस सगळ्यात आधी भरडला जातो.

आपल्या वाचकांसाठी थोडं खुलासेवार सांगायला हवं. होमओनर्स असोसिएशन, म्हणजे तिथल्या बोलण्यातलं 'एचओए', ही आपल्या हाउसिंग सोसायटीसारखीच असते, पण अनेकदा स्वतंत्र बंगल्यांची. आपल्याकडे फ्लॅटची मालकी बहुधा सोसायटीच्या सभासदत्वातून येते. तिथे घर आणि त्याखालची जमीन मालकाच्या नावावर असते. मात्र बिल्डर पहिलं घर विकण्याआधीच संपूर्ण वसाहतीसाठी अटींचा एक दस्त काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाच्या, दप्तरी नोंदवून ठेवतो. जो घर घेईल तो आपोआप असोसिएशनचा सभासद होतो आणि घर विकेपर्यंत त्याला त्यातून बाहेर पडता येत नाही. बाग, पोहण्याचा तलाव, गेट, दिवे, पावसाच्या पाण्याचा निचरा, काही ठिकाणी आतले रस्ते, असा सगळा खर्च या वर्गणीतून चालतो. आज अमेरिकेत साडेतीन लाखांहून जास्त अशा संस्था आहेत आणि सुमारे साडेसात कोटी लोक त्यांत राहतात. डलास, ह्यूस्टन, फिनिक्स, लास व्हेगास यांच्या बाहेर जी नवी उपनगरं उभी राहिली, ती बहुतांश याच पद्धतीची. फ्रिस्को, प्लेनो, केटी या गावांत आपली कितीतरी मराठी कुटुंबं अशाच वसाहतींत राहतात.

नगरपालिकांनाही ही व्यवस्था सोयीची असते. घरपट्टी पूर्ण मिळते आणि वसाहतीतल्या रस्त्यांचा, गटारांचा, बागांचा खर्च परस्पर रहिवाशांवर जातो. म्हणून "तुम्ही सही करून अटी मान्य केल्या होत्या" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. ज्या भागात नोकरी आणि शाळा आहे, त्या भागात नवं घर घ्यायचं तर एचओएशिवायचं घर सहसा मिळतच नाही. घरखरेदीच्या वेळी समोर येणाऱ्या कागदांच्या ढिगात तो दस्तही असतो. त्यातलं एक कलम बदलून मागायची सोय कुणालाही नसते.

१९८७ चा तो निकाल इनवुड नॉर्थ होमओनर्स असोसिएशन विरुद्ध हॅरिस या खटल्यातला. खालच्या कोर्टाने थकलेली रक्कम द्यायला लावली होती, पण राहतं घर विकायला नकार दिला होता. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकार फिरवला. त्यांचं म्हणणं असं, की वर्गणीच्या बोजाची अट दप्तरी आधी नोंदली गेली, त्या कुटुंबाने घर नंतर घेतलं. म्हणजे ते 'राहतं घर' होण्याआधीच बोजा जमिनीला चिकटलेला होता, त्यामुळे घटनेचं संरक्षण त्याच्या आड येत नाही. एवढ्या लहान रकमेसाठी अमोल असं राहतं घर जावं हा उपाय कठोर आहे, हेही न्यायालयाने त्याच निकालात मान्य केलं, आणि तरीही आपण कराराने बांधलेले आहोत असं म्हटलं. हे तर्कशास्त्र कागदावर बिनचूक असेल. पण त्याचा अर्थ असा निघाला, की बिल्डरने घर बांधण्याआधी एक कागद नोंदवला की दीडशे वर्षांचं घटनात्मक कवच गळून पडतं. ते कवच घरात राहणाऱ्याचं होतं. कागद नोंदवणारा बिल्डर तर त्या घरात कधी राहणारही नव्हता.

याचं पुढे काय झालं ते २००१ साली ह्यूस्टनमध्ये दिसलं. ऐंशी ओलांडलेल्या एका विधवेचं सुमारे दीड लाख डॉलरचं घर आठशे-सव्वाआठशे डॉलरच्या थकबाकीपायी लिलावात गेलं, आणि तेही पाच हजार डॉलरला. लोक खवळले, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला, अखेर तडजोड होऊन बाईंना घर परत मिळालं. त्याच वर्षी टेक्सासच्या विधिमंडळाने कायदा केला. एचओएने घर विकलं तरी मालकाला १८० दिवसांत देणं चुकतं करून ते सोडवून घेता येईल, आणि केवळ दंडाच्या रकमेसाठी घर विकता येणार नाही. २००२ पासून तो लागू झाला. सुधारणा चांगलीच होती.

पण २००८ साली डलासजवळच्या फ्रिस्कोमध्ये काय घडलं ते बघा. सैन्यातला एक कॅप्टन इराकमध्ये तैनात होता. घर सुमारे तीन लाख डॉलरचं, त्यावर एका पैचं कर्ज नाही. वर्गणी थकली ती पुन्हा आठशे डॉलरच्या आसपासच. घरी पत्नी आणि मुलं. नवरा युद्धभूमीवर असल्याच्या काळजीने खचलेल्या त्या बाईने टपाल उघडणंच सोडून दिलं होतं. नोटिसा आल्या, पाकिटात तशाच राहिल्या. घर साडेतीन हजार डॉलरला विकलं गेलं, आणि घेणाऱ्याने ते पुढे १,३५,००० डॉलरला दुसऱ्याला विकलं. युद्धावर असलेल्या सैनिकाचं घर असं विकायला केंद्रीय कायद्याची बंदी आहे, तरीही ते विकलं गेलं. मालकांना हे कळेपर्यंत ते १८० दिवस कधीच उलटून गेले होते. दोन वर्षांनी कोर्टात तडजोड होऊन घर त्यांना मिळालं, कारण तो सैनिक होता, कायदा त्याच्या बाजूने होता आणि देशभर गाजावाजा झाला होता. जो सैनिक नाही, ज्याची बातमी होत नाही, त्याचं काय?

टेक्सासमध्ये हे लिलाव दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतात, परंपरेने काउंटीच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर. तेव्हाच्या पद्धतीत अनेक वसाहतींच्या दस्तांप्रमाणे त्याआधी न्यायाधीशासमोर जायचीही गरज नव्हती. नोटीस टपालात टाकली, कोर्टाबाहेर डकवली, मुदत संपली की बोली. २०११ च्या कायद्याने यात कोर्टाच्या हुकमाची अट घातली. म्हणजे चोवीस वर्षं हा अधिकार कुठल्याही न्यायाधीशाने प्रकरण न बघता वापरता येत होता.

आता मूळ दुखण्याकडे येतो. एखाद्याची तीन-चारशे डॉलरची वर्गणी राहिली. मॅनेजमेंट कंपनीचं आठवणपत्र जातं, त्याचं शुल्क खात्यावर चढतं. मग फाइल वकिलाकडे जाते. वकिलाच्या पत्राची फी चढते. बोजा नोंदवण्याची, मालकीहक्काचा शोध घेण्याची, दाव्याची फी चढते. दस्तातल्या अटींनुसार हे सगळं थकबाकीदाराकडूनच वसूल होणार असतं, त्यामुळे प्रकरण पुढे ढकलायला असोसिएशनला वरवर पाहता काहीच खर्च नसतो. वकिलाच्या बाजूने बघितलं तर पहिल्याच पत्रावर पैसे आले तर उत्पन्न थोडं, प्रकरण लांबलं तर जास्त. इथे कुणी दुष्ट असण्याची गरज नाही. व्यवहाराची रचनाच अशी आहे, की मिटवण्यात कुणाचाच फायदा नाही. आणि शेवटी तारण म्हणून अख्खं घर असल्यामुळे पैसे बुडण्याची भीतीही नाही.

यात आणखी एक गोष्ट होती, तिचा तर मला राग येतो. थकबाकीदाराने जमतील तसे पैसे भरले, की ते आधी वकिलाच्या फीला, मग दंडाला आणि सर्वात शेवटी मूळ वर्गणीला जमा करायचे. माणूस दरमहा पैसे भरतोय आणि वर्गणी मात्र थकलेलीच. ती थकलेली म्हणून पुढची नोटीस, पुढची फी. टेक्सासने २०११ साली हा क्रम उलटा केला, आधी थकलेली वर्गणी, मग चालू वर्गणी, त्यानंतर फी आणि दंड. शिवाय हप्ते बांधून देणं बंधनकारक केलं. कॅलिफोर्नियातही भरलेले पैसे आधी वर्गणीला जमा करावे लागतात. इतकी साधी गोष्ट कायद्याने सांगावी लागली, यावरून वसुली कुणाच्या सोयीने चालली होती ते कळतं.

कोलोरॅडोचं उदाहरण अजून ताजं आहे. तिथे २०१८ च्या जानेवारीपासून २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत असोसिएशनांनी घरं विकण्यासाठी २,४०० हून अधिक दावे दाखल केल्याचं पत्रकारांनी कोर्टाच्या नोंदी तपासून दाखवून दिलं. डेन्व्हरच्या ग्रीन व्हॅली रँच वसाहतीतल्या दाव्यांवरून तर मोठाच गदारोळ झाला. ही श्रीमंतांची वस्ती नव्हे. पहिलंच घर घेतलेली, स्थलांतरित, साध्या नोकऱ्या करणारी कुटुंबं तिथे मोठ्या संख्येने राहतात. वाळलेलं गवत, गाडी लावण्याची जागा, असल्या कारणांचे दंड साचत गेले होते. २०२२ मध्ये राज्याने नियम आवळले. थकबाकीवरचं व्याज वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत लावता येत होतं, ते ८ टक्क्यांवर आणलं, फेडीसाठी १८ महिन्यांचे हप्ते द्यायला लावले, केवळ दंडापायी घर विकायला बंदी केली. २०२४ मध्ये वकिलाच्या फीलाही मर्यादा आली. हा उशिरा का होईना, नेमक्या जागी घातलेला घाव आहे. फीला मर्यादा आली की प्रकरण लांबवण्यात कुणाला रस उरत नाही.

या लिलावांत सर्वात जास्त मार कुणाला बसतो, याचा विचार केला तर उत्तर धक्कादायक आहे. ज्याच्या घरावर बँकेचं कर्ज आहे, त्याला एक अनपेक्षित आधार असतो. घर लिलावात निघालं तर आपलं तारण अडचणीत येईल म्हणून बँकच अनेकदा मध्ये पडते आणि थकबाकी भरून टाकते. ज्याने वीस-तीस वर्षं हप्ते भरून कर्ज फेडलं, त्याच्या बाजूने मात्र असं कुणीच उभं नसतं. कर्जमुक्त घर कोणाकडे असतं? बहुधा म्हाताऱ्या माणसाकडे. बिलं नवरा बघायचा, तो गेल्यावर कुठल्या तारखेला काय भरायचं हेच माहीत नसलेल्या बाईकडे. स्मृती कमी होत चाललेल्या एकट्या गृहस्थाकडे. आयुष्यभर सगळं वेळच्या वेळी फेडलेल्या माणसाचं घरच लिलावात सर्वात मोलाचं ठरतं, कारण त्यावर दुसरा बोजा नसतो.

लास व्हेगासमध्ये याची उलट बाजू बघायला मिळाली. नेवाडाच्या कायद्यात एचओएच्या नऊ महिन्यांच्या वर्गणीला बँकेच्या कर्जाच्याही वर स्थान होतं. २०१४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की या वरच्या बोजासाठी रीतसर लिलाव झाला तर बँकेचं पहिलं तारणच संपतं. किरकोळ रकमेला घर घेतलेल्या गुंतवणूकदारांच्या हाती कर्जमुक्त घरं आली. बँकांची लाखोंची कर्जं विनातारण झाली. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, विधिमंडळाने कायदा बदलून बँकांना नोटीस देणं सक्तीचं केलं आणि लिलावानंतर घर सोडवून घ्यायला ६० दिवस दिले. बँकांचं नुकसान झालं तेव्हा वर्षभरात दुरुस्ती झाली, हे नोंदवून पुढे जातो.

असोसिएशनची बाजू मी हलकी मानत नाही. सोसायटीच्या कमिटीवर बसलेल्या कुणालाही ती कळेल. एक घर पैसे भरत नाही म्हणून लिफ्ट एका घरासाठी थांबत नाही, पाण्याचा पंप थांबत नाही, विम्याचा हप्ता थांबत नाही. त्याचा वाटा शेजाऱ्यांच्या खिशातून जातो, आणि त्या शेजाऱ्यांतही पेन्शनवर जगणारे असतात. वर्गणी साचली नाही की दुरुस्ती लांबते, आणि दुरुस्ती लांबली की काय होतं ते २४ जून २०२१ च्या पहाटे फ्लोरिडातल्या सर्फसाइडमध्ये दिसलं. चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही बारा मजली इमारत कोसळली, ९८ माणसं गेली. तीन वर्षं आधी, २०१८ साली, अभियंत्याने अहवालात काँक्रीटची गंभीर झीज नोंदवली होती. दुरुस्तीसाठी दीड कोटी डॉलरची वर्गणी ठरली ती २०२१ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे इमारत पडण्याच्या अवघे दोन-अडीच महिने आधी. लहानात लहान फ्लॅटच्या वाट्याला त्यात ऐंशी हजार डॉलर येत होते. त्यामुळे "वर्गणी भरणं ही ज्याची त्याची मर्जी" असं कुणी म्हणू नये. ती वेळेवर गोळा न होणं हा जिवाशी खेळ आहे.

सर्फसाइडनंतर फ्लोरिडाने २०२२ मध्ये जुन्या इमारतींची तपासणी सक्तीची केली आणि मोठ्या दुरुस्तीसाठी राखीव निधी ठेवायला लावला. हे योग्यच झालं. पण त्यामुळे वर्गण्या एकदम चढल्या, आणि समुद्रकाठच्या छोट्या फ्लॅटमध्ये निवृत्तीचं आयुष्य काढणाऱ्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या. ही माणसं बुडवणारी नाहीत. त्यांच्याकडे घर आहे, रोख नाही. ज्याच्याकडे मालमत्ता आहे पण हाताशी पैसा नाही, त्याच्याकडून देणं कसं घ्यायचं, हाच यातला अवघड प्रश्न आहे, आणि लिलाव हे त्याचं उत्तर नाही.

उत्तर टेक्सासच्याच कायद्यात दुसऱ्या जागी आहे. तिथे ६५ वर्षांवरच्या घरमालकाला घरपट्टी लांबणीवर टाकता येते. एक अर्ज करायचा. तो त्या घरात राहतो तोवर सरकार घरपट्टीसाठी घर विकत नाही. कर साचतो, त्यावर पाच टक्के व्याज चढतं, आणि घर विकलं गेलं किंवा मालक वारला की सगळं एकदम वसूल होतं. म्हणजे ज्या पैशांतून शाळा आणि अग्निशमन दल चालतं, त्यासाठी सरकार म्हाताऱ्या माणसाला थांबून घेतं. पोहण्याच्या तलावाच्या वर्गणीसाठी असोसिएशनला मात्र थांबता येत नाही, हे कसं समजून घ्यायचं? बोजा नोंदलेला आहे. घर कुठे पळून जाणार नाही. विक्रीच्या दिवशी तो बोजा फेडल्याशिवाय खरेदीदाराला स्वच्छ मालकी मिळत नाही, त्यामुळे पैसे व्याजासकट येणार हे ठरलेलं आहे.

यावर असोसिएशनवाले म्हणतात, की तोवर पंप कशाने चालवायचा? आणि टेक्सासमध्ये तर साध्या देण्यासाठी पगारावर जप्तीही आणता येत नाही, मग आमच्या हाती उरतं काय? हा आक्षेप खरा आहे. म्हणून सगळ्यांना सरसकट थांबून घ्यावं असं माझं म्हणणं नाही. ऐपत असून मुद्दाम न भरणारा, भाड्याने घर देऊन भाडं खिशात घालणारा आणि वर्गणी न देणारा मालक, त्याच्यावर कडक कारवाई व्हावी, अगदी विक्रीपर्यंतही. पण स्वतः राहणारा, वृद्ध, आजारी, नोकरी गेलेला माणूस वेगळा काढायला हवा, आणि तो वेगळा काढण्याचं काम वकिलाच्या फाइलवर सोडता येणार नाही. ते कोर्टाने करायला हवं, आणि त्याआधी कुणीतरी दार वाजवून त्या माणसाशी बोलायला हवं. फ्रिस्कोतल्या त्या घराचं दार एकदा जरी शेजाऱ्याने वाजवलं असतं, तरी नवरा इराकमध्ये आहे हे पाच मिनिटांत कळलं असतं.

कॅलिफोर्नियात मूळ वर्गणी १,८०० डॉलरच्या आत असेल आणि वर्षही उलटलं नसेल, तर घर विकायला काढता येत नाही, आणि या १,८०० मध्ये व्याज, फी, दंड मोजायचे नाहीत. मला यातली सगळ्यात मोलाची अट ही शेवटचीच वाटते. तिथली आणखी एक तरतूद प्रत्येक राज्याने उचलावी अशी आहे. घर विकायचा निर्णय संचालक मंडळाने स्वतः मतदान करून घ्यायचा, तो मॅनेजमेंट कंपनीवर किंवा वकिलावर सोपवता येत नाही, आणि त्याची नोंद इतिवृत्तात करायची. शेजाऱ्याचं घर विकायच्या बाजूने हात वर करायचा तर तो आपला हात आहे हे माहीत असायला हवं.

राहिला भावाचा प्रश्न. देणं वजा जाता उरलेले पैसे मालकाला द्यायचे, हा नियम बहुतेक राज्यांत आहे. पण तीन लाखांचं घर साडेतीन हजाराला गेलं तर उरणार काय? आणि नुसता भाव कमी आला म्हणून लिलाव रद्द करायचा नाही, हा तिथल्या कोर्टांचा जुना पायंडा आहे. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टायलर विरुद्ध हेनेपिन काउंटी या खटल्यात एकमताने दिलेला निकाल इथे वाट दाखवतो. मिनिआपोलिसमधल्या चौऱ्याण्णव वर्षांच्या आजींचा फ्लॅट घरपट्टीपायी काउंटीने ४०,००० डॉलरला विकला होता. दंड-व्याजासह देणं होतं १५,००० डॉलर, वरचे २५,००० काउंटीने ठेवून घेतले. न्यायालय म्हणालं, देणं घ्या, त्याहून जास्त घेता येणार नाही. तो खटला सरकारविरुद्ध होता, त्यामुळे असोसिएशनांना तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण तत्त्व तेच का असू नये? लिलावात बाजारभावाच्या ठरावीक हिश्शाखाली बोली स्वीकारायचीच नाही, एवढा एक नियम केला तरी किरकोळ रकमेला घरं उचलणाऱ्यांचा धंदा बसेल.

आपल्याकडे या प्रश्नाचं रूप वेगळं आहे, पण तो नाही असं नाही. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक गृहनिर्माण सोसायट्या आहेत, आणि थकबाकीदार नाही अशी सोसायटी शोधून सापडणं कठीण. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १५४ब-२९ खाली, सोसायटी उपनिबंधकाकडे अर्ज करते. बिलं, खातेउतारे, नोटिसा, ठराव जोडावे लागतात. सभासदाला म्हणणं मांडायची संधी मिळते. मग वसुली दाखला निघतो, आणि पुढे नियम १०७ प्रमाणे वसुली अधिकारी मागणी नोटीस, जप्ती, जाहीर उद्घोषणा आणि शेवटी लिलाव या वाटेने जातो. म्हणजे घर विकण्याचा अधिकार आपल्याकडेही आहे. पण सोसायटी आणि घर यांच्यामध्ये एक सरकारी अधिकारी उभा आहे, जो सोसायटीचा वकील नाही आणि ज्याला थकबाकी फुगण्यातून काही मिळत नाही. बहुतेक प्रकरणं जप्तीच्या नोटिशीपर्यंत पोचली की मिटतात, असं कमिटीवर वर्षानुवर्षं काम केलेले लोक सांगतात.

उपनिबंधकाच्या कार्यालयात अर्ज महिनोन्महिने पडून राहतो, ही सेक्रेटरी-खजिनदारांची तक्रार रास्त आहे. त्यावर "सोसायटीलाच थेट अधिकार द्या" अशी मागणी सर्वसाधारण सभांमधून ऐकू येते. काही ठिकाणी पाणी तोडणं, लिफ्टचं कार्ड बंद करणं असले कायद्यात न बसणारे उपाय परस्पर केलेही जातात. ही मागणी करणाऱ्यांनी टेक्सासची ती चोवीस वर्षं डोळ्यांसमोर आणावीत. अर्जाचा निकाल ठरलेल्या मुदतीत लागलाच पाहिजे, त्यासाठी माणसं नेमा, सुनावणी ऑनलाइन घ्या, पण मधला तटस्थ माणूस काढू नका.

आपल्या व्यवस्थेतही दुरुस्त करण्यासारखं आहेच. आदर्श उपविधींनी थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याजाची मुभा दिली. हाच २१ चा आकडा कोलोरॅडोने जाचक ठरवून ८ वर आणला. वसुली दाखल्याविरुद्ध पुनरीक्षणात जायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. मुद्दाम थकवणाऱ्याला ती अट योग्यच आहे, पण चुकीच्या बिलाविरुद्ध भांडणाऱ्या पेन्शनराला ती न्यायाचं दारच बंद करते. आणि बंद फ्लॅटच्या दारावर नोटीस चिकटवून ती बजावली असं मानणं, हा प्रकार तर पुण्या-ठाण्यात वाढतच जाणार आहे. मुलं फ्रिस्कोत किंवा न्यू जर्सीत, आई-वडील इथल्या फ्लॅटमध्ये एकटे, किंवा तेही गेल्यावर फ्लॅटला कुलूप. नोटीस बजावताना सभासदाने नोंदवलेल्या ईमेलवर, फोनवर आणि नामनिर्देशित व्यक्तीलाही ती पोचवली, याचा पुरावा उपनिबंधकाने मागितलाच पाहिजे. नामनिर्देशनाचा फॉर्म प्रत्येक सोसायटीच्या दप्तरी असतो. त्यावरचं नाव आणि पत्ता वसुलीच्या वेळी का वापरला जात नाही, हे मला कळत नाही.

तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना तर हे बदल कायद्याची वाट न बघताही करता येतील. एचओएची वार्षिक सभा होते, तिला फारच थोडे सभासद जातात, आणि मूठभर मतांवर संचालक निवडून येतात. त्या सभेत उभं राहून विचारावं, की आपल्या वसाहतीत थकबाकीची फाइल किती रकमेला वकिलाकडे जाते, वकिलाचं शुल्क कसं ठरलं आहे, आणि विक्रीचा निर्णय मंडळ मतदानाने घेतं की मॅनेजमेंट कंपनी परस्पर घेते. उत्तर समाधानकारक नसेल तर मंडळावर निवडून जावं. ठराव असा मांडावा, की कुणाचीही फाइल वकिलाकडे जाण्याआधी मंडळातल्या दोन सभासदांनी त्या घरी जाऊन भेट घ्यायची, हप्त्यांचा पर्याय लेखी द्यायचा, आणि भेट झाली नाही तर का झाली नाही हे इतिवृत्तात लिहायचं.